गाडीचा डीआरएल वारंवार बंद पडतो: नवा बल्ब घेण्यापूर्वी काय काय तपासावे

इग्निशन चालू होताच दिवसाही पेटणारा पुढचा दिवा, ज्याला आता सगळेच डीआरएल म्हणतात, तो एकदा गेला तर नवा बल्ब बसवून काम भागते. मात्र तोच दिवा, तोही त्याच बाजूचा, वर्षातून दोन-तीनदा जाऊ लागला की बल्बला दोष देण्यात हशील नाही. घरच्या, नातेवाइकांच्या आणि ओळखीपाळखीच्या गाड्यांवर हे काम मी अनेकदा केले आहे आणि बहुतेक वेळा खरा दोष होल्डरच्या पत्तीत, वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये किंवा अर्थिंगच्या, म्हणजे दिव्याची ऋण वायर गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या, बोल्टखाली सापडला आहे. दुकानातून मात्र दर वेळी आणला गेला तो बल्बच.

हा दोष डीआरएलमध्येच इतका का दिसतो, याचे कारण साधे आहे. हेडलाइट रात्रीपुरता लागतो, ब्रेकलाइट पाय ठेवला तेवढ्यापुरता. डीआरएल मात्र गाडी चालू असेपर्यंत पेटलेला असतो. नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला भर मे महिन्यात, पारा ४२ अंशांच्या पुढे असताना जाणाऱ्या गाडीत तो होल्डर इंजिनाच्या उष्णतेत चार-पाच तास सलग तापत राहतो. त्यामुळे जोडणीत थोडाही कच्चेपणा असेल तर तो आधी इथे उघडा पडतो.

लक्षणे

हातात पाना घेण्यापूर्वी दिवा कधी जातो आणि कधी परत येतो याकडे दोन-चार दिवस लक्ष द्यावे. निम्मे निदान तिथेच होते.

एकाच बाजूचा दिवा बंद असेल तर दोष बहुधा त्या बाजूच्या बल्ब, होल्डर, कपलर किंवा अर्थिंगमध्ये असतो. दोन्ही एकदम बंद पडले असतील तर बल्बचा विचार सोडून द्यावा, कारण दोन्ही बल्ब एकाच दिवशी जाण्याचा योग क्वचितच येतो. तिथे फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), हँडब्रेकचा स्विच, गाडीतील सेटिंग किंवा दिव्यांचे नियंत्रण करणारा बीसीएम हा संगणक संशयित ठरतो.

दिवा खड्ड्यात लुकलुकतो आणि गुळगुळीत रस्त्यावर नीट चालतो, म्हणजे काहीतरी ढिले आहे. गाडी धुतल्यानंतर किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर तो जातो आणि दोन दिवसांच्या उन्हानंतर आपोआप येतो, म्हणजे पाणी शिरते आहे. सकाळी चालणारी एलईडी पट्टी भर दुपारी बंद पडते आणि संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा लागते, म्हणजे तिच्या आतील सर्किटमध्ये किंवा डाखात उष्णतेमुळे भेग पडली आहे.

इंडिकेटर दिल्यावर डीआरएल मंद होतो, या तक्रारीचे दोन अर्थ निघतात. अनेक गाड्यांत इंडिकेटर ठळक दिसावा म्हणून त्या बाजूचा डीआरएल मुद्दाम मंद किंवा बंद केला जातो. तो इंडिकेटर संपेपर्यंत एकसारखा मंद राहतो आणि दोन्ही बाजूंना सारखेच घडते. दोष असतो तेव्हा डीआरएल इंडिकेटरच्या प्रत्येक ठोक्यासोबत कमी-जास्त होतो आणि बहुधा एकाच बाजूला. डीआरएल आणि इंडिकेटर यांचे अर्थिंग एकत्र आहे आणि ते कच्चे झाले आहे, असा याचा अर्थ आहे.

काढलेला जुना बल्बही फेकू नये. काच आतून काळपट-चंदेरी झाली असेल तर फिलामेंट, म्हणजे बल्बमधील पेटणारी तार, झिजून गेले आहे, मग ते वयामुळे असो किंवा जास्त व्होल्टेजमुळे. आत पांढरट भुकटी दिसली तर काचेला बारीक तडा जाऊन हवा शिरली आहे. काच स्वच्छ आणि फिलामेंट मात्र मधोमध तुटलेले असेल तर हादऱ्यांचा संशय घ्यावा. आणि फिलामेंट शाबूत असलेला बल्ब ‘उडाला’ म्हणून काढला गेला असेल, तर पुढचे सारे काम होल्डर आणि अर्थिंगवरच करायचे आहे.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

प्रथम हेडलाइटचा स्विच कोणत्या स्थितीत आहे ते पाहावे. अनेक गाड्यांत पार्किंग लाइट किंवा हेडलाइट लावला की डीआरएल बंद होतो अथवा मंद होतो. तो दोष नव्हे. काही गाड्यांत हँडब्रेक ओढलेला असताना डीआरएल लागतच नाही, त्यामुळे अंगणात उभ्या गाडीवर तपासणी करताना उगाच घोटाळा होतो. हँडब्रेक सोडल्यावरही मीटरवरची त्याची लाल खूण विझत नसेल तर हँडब्रेकचा स्विच अडकला आहे आणि दोन्ही डीआरएल बंद असण्याचे कारण तेच असू शकते. काही गाड्यांच्या स्क्रीनवरील मेनूमधून डीआरएल बंद करता येतो; घरातील मुलांनी स्क्रीन चाळली असेल तर तेही एकदा पाहून घ्यावे.

यानंतर बल्ब असलेल्या गाडीत डाव्या आणि उजव्या बल्बची अदलाबदल करावी. दोष बल्बसोबत दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब. दोष जागेवरच राहिला तर बल्ब निर्दोष आहे आणि नवा आणण्याचे पैसे वाचले. अदलाबदलीपूर्वी इग्निशन बंद करून बल्ब गार होऊ द्यावा. हॅलोजन बल्ब असेल तर काचेला बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर एका जागी उष्णता साठवतो आणि काच तिथून फुटते. एलईडी पट्टी असलेल्या गाडीत हा प्रयोग सहसा जमत नाही, कारण डावी आणि उजवी पट्टी वेगळी असते.

फ्यूज

फ्यूजची जागा आणि क्रमांक गाडीच्या पुस्तिकेत किंवा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर दिलेला असतो. फ्यूज काढून डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही. आतील तार शाबूत दिसत असूनही पायाशी तुटलेली असू शकते. फ्यूज जागेवरच ठेवून, इग्निशन चालू करून, त्याच्या माथ्यावरील दोन्ही उघड्या टोकांवर मल्टीमीटरने, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरने, व्होल्टेज पाहावे. दोन्हीकडे बॅटरीइतके व्होल्टेज मिळाले तर फ्यूज चांगला, एकीकडेच मिळाले तर गेलेला. कुठेच मिळाले नाही तर दोष फ्यूजच्याही मागे आहे.

फ्यूज बदलताना क्षमता तीच हवी: तपकिरी ७.५ अँपिअरचा, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. लालच्या जागी पिवळा बसवणे किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून वेळ मारून नेणे, हा प्रकार रस्त्याकडेच्या दुरुस्तीत अजूनही दिसतो आणि त्यातून वायरिंग जळते. नवा फ्यूज लावताच उडाला तर तिसरा लावू नये. कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे आणि ती सापडेपर्यंत फ्यूज उडतच राहणार.

बॅटरी आणि चार्जिंग

काही शे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर या साऱ्या कामाला पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू केल्यावर ते सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनित्र, संगणकाच्या हुकमाने कमी-जास्त चालतो, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. हेडलाइट आणि एसी लावून काही मिनिटे वाचन पाहत राहावे. वाचन सतत १५ च्या आसपास किंवा वर राहत असेल तर अल्टरनेटरचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे.

हे तपासणे का महत्त्वाचे, तर फिलामेंटचे आयुष्य व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असते. व्होल्टेज अवघे ५ टक्के वाढले तरी ते जवळपास निम्मे होते. १३.५ व्होल्टवर वर्ष काढणारा बल्ब १५ व्होल्टवर तीन-चार महिन्यांत गेला तर त्यात बनावट मालाचा हात असेलच असे नाही. गाडीतील इतर बल्बही एकामागून एक जात असतील आणि बॅटरीतील पाणी लवकर आटत असेल, तर ही तपासणी सगळ्यांत आधी करावी. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर काढून ते घट्ट करणे हेही याच टप्प्यावरचे काम.

बल्ब कोणता बसवला आहे

होल्डरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेला प्रकार आणि बसवलेला बल्ब एकच आहे का, हे पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. एका फिलामेंटच्या २१ वॅटच्या जागी दोन फिलामेंटचा २१/५ वॅटचा बल्ब जोर लावून बसवला की पिना वाकतात, पत्ती पसरते आणि पुढे योग्य बल्ब आणला तरी तो तिथे घट्ट बसत नाही.

बल्बच्या जागी बाजारातील एलईडी बल्ब बसवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: गाडी मुळात त्यासाठी बनलेली नसेल तर तो बसवू नये. बीसीएम दिव्याचा करंट मोजतो. एलईडी फार थोडा करंट घेतो, त्यामुळे बल्ब गेल्याची चूक मीटरवर दिसते किंवा दिवा लुकलुकतो. त्यावर उपाय म्हणून दुकानदार जादा करंट खाणारा रेझिस्टर जोडून देतात. तो रेझिस्टर इतका तापतो की बंपरच्या प्लॅस्टिकला किंवा वायरच्या वेष्टणाला टेकला तर ते वितळते. वीज वाचवण्यासाठी आणलेल्या वस्तूने वीज जाळायला आणखी एक वस्तू मागावी, यात शहाणपण दिसत नाही.

होल्डर आणि कपलर

इथे घाई करू नये, कारण वारंवार येणाऱ्या दोषांपैकी मोठा वाटा इथेच असतो. इग्निशन बंद करून बल्ब काढावा आणि होल्डरच्या आत टॉर्च मारून पाहावे. चांगल्या होल्डरमधील पितळी पत्ती चकचकीत आणि किंचित उचललेली दिसते. खराब होल्डरमध्ये ती चपटी होऊन तळाशी टेकलेली असते, तिच्या कडेला हिरवट भुकटी जमलेली असते आणि भोवतालचे पांढरे प्लॅस्टिक आधी पिवळे, मग भाकरीच्या करपलेल्या कडेसारखे तपकिरी झालेले असते. हा रंग दिसला की नुसती सफाई पुरणार नाही असे समजावे.

प्लॅस्टिक का करपते, हे एका हिशेबाने कळते. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर करंट घेतो. कच्च्या जोडणीत दीड व्होल्ट जरी अडला तरी त्या टाचणीएवढ्या जागेत सुमारे अडीच वॅट उष्णता सतत निर्माण होत राहते. उष्णतेने पत्तीचा ताण जातो, ताण गेला की जोडणी आणखी कच्ची होते आणि उष्णता आणखी वाढते. नवा बल्ब घालताना पत्ती थोडी हलते, दिवा लागतो, बल्बच खराब होता असा सगळ्यांचा समज होतो आणि काही आठवड्यांनी तेच पुन्हा सुरू होते.

भुकटी असेल पण प्लॅस्टिक शाबूत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, जुन्या टूथब्रशने घासून, सुकू द्यावे आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने पत्ती हलकेच वर उचलावी. नंतर इलेक्ट्रिकल जोडणीसाठी मिळणारे ग्रीस अगदी पातळ लावावे. चेसिसचे साधे ग्रीस इथे चालत नाही. प्लॅस्टिक करपले असेल तर वायरच्या तुकड्यासह मिळणारा नवा होल्डर घेऊन, डाख देऊन आणि वर हीटश्रिंक नळी (तापवल्यावर आवळणारी) चढवून बसवावा. नुसती पिळलेली वायर आणि त्यावर काळी टेप, हे पुढच्या वर्षीच्या बिघाडाला आमंत्रण आहे, कारण उन्हात टेपचा गोंद पाघळतो आणि उघड्या जोडात पाणी शिरते.

कपलर काढताना वायर धरून ओढू नये. खटका दाबून कपलरच ओढावा. आतील एखादी पिन मागे सरकली आहे का ते पाहावे. बाहेरून कपलर घट्ट बसलेला दिसतो आणि आत पिन टेकतच नाही, असे पुष्कळदा आढळते.

अर्थिंग

होल्डर चांगला निघाला तर अर्थिंग. मराठवाड्यातील गाड्यांत यावर विशेष लक्ष द्यावे, कारण काळ्या मातीचा चिखल बंपरच्या आत उडून अर्थिंगच्या बोल्टवर बसतो, सुकून कडक होतो आणि पावसाळाभर ओल धरून ठेवतो. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत दुसरेही कारण असते: पेंटरने बोल्टखालची जागाही रंगवलेली असते आणि वायरची चकती रंगावर कसलेली असते. परभणीकडच्या एका गाडीत नेमके हेच होते. अपघातानंतर बाजू सुरेख रंगवून मिळाली आणि तेव्हापासून डाव्या डीआरएलची कटकट सुरू झाली. बोल्ट फिरवून चकती उचलली तेव्हा तिच्याखाली गाडीच्याच रंगाचा सलग पांढरा थर होता. करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता.

तपासणी दिवा चालू ठेवून करायची असते. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे टोक होल्डरच्या अर्थिंग पिनेवर टेकवावे. वाचन ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसत असेल तर दोष सापडला. दिवा बंद ठेवून किंवा नुसत्या बीप आवाजावर केलेली तपासणी इथे फसवते, कारण एका तारेवर तगलेली वायरही बीप देते, पण बल्बचा करंट वाहू देत नाही. हीच तपासणी धन बाजूलाही करता येते. मात्र काही गाड्या डीआरएलला अखंड वीज न देता वेगाने चालू-बंद करून देतात. तिथे साधा मीटर सरासरी दाखवतो आणि होल्डरपाशी ९-१० व्होल्टचे वाचन निर्दोष असू शकते. अशा वेळी चांगल्या बाजूचे वाचन घेऊन त्याच्याशी तुलना करावी.

दुरुस्ती अशी: बॅटरीचे ऋण टर्मिनल काढावे, बोल्ट सोडवून चकती आणि पत्रा सँडपेपरने चकाकेपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट कसावा आणि नंतर वरून ग्रीस किंवा गंजरोधक लावावे. ग्रीस आधी आणि बोल्ट नंतर, असा क्रम करू नये.

पाणी आणि उंदीर

हेडलाइटच्या काचेत आतून हलके धुके दिसणे आणि दिवे लावल्यावर ते निघून जाणे स्वाभाविक आहे. तळाशी पाणी साचणे मात्र नाही. बल्बमागची रबरी टोपी नीट बसली आहे का, हवेच्या छिद्रांत चिखल भरला आहे का, काचेच्या कडेचे सील सुटले आहे का, हे पाहावे. छिद्रे सिलिकॉनने बुजवू नयेत. आतील दमट हवा कोंडली जाऊन उलट त्रास वाढतो. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारू देऊ नये, एवढे सांगितले तरी निम्मा त्रास टळतो.

धान्याच्या गोदामाजवळ, आडत दुकानापाशी किंवा शेतातील शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर उंदरांचाही विचार करावा. हेडलाइटमागच्या वायरींवर दातांच्या खुणा, लेंड्या किंवा ओढून आणलेला भुसा दिसतो. एखादी वायर कुरतडलेली असेल तर जोडता येते, पण जुडगाच कुरतडला असेल तर हात लावू नये.

इथे थांबावे

एलईडी पट्टीला योग्य व्होल्टेज आणि चांगले अर्थिंग मिळत असूनही ती लागत नसेल, तर दोष पट्टीत आहे. अनेक गाड्यांत ती हेडलाइटच्या आत सीलबंद असते. काच तापवून हेडलाइट उघडणारे कारागीर आहेत, परंतु पुन्हा सील पक्के झाले नाही तर पुढच्या पावसात सगळा हेडलाइट जातो. वॉरंटी शिल्लक असेल तर वायर कापण्यापूर्वीच सर्व्हिस सेंटर गाठावे.

नवा फ्यूज लगेच उडत असेल, वायर जळाल्याचा वास येत असेल किंवा चार्जिंगचे व्होल्टेज जास्त असेल, तर जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत केशरी वेष्टणाच्या केबल आणि एअरबॅगचे पिवळे कपलर यांना कोणत्याही कारणाने हात लावू नये. झेनॉन हेडलाइट असलेल्या गाडीत तर हेडलाइटच्या मागे काम करणेच टाळावे, कारण तिथे हजारो व्होल्ट असतात.

फ्यूज, होल्डर आणि अर्थिंग निर्दोष असून होल्डरपर्यंत वीजच येत नसेल, तर प्रश्न बीसीएमचा आहे. काही गाड्यांत वायर वारंवार शॉर्ट झाली की बीसीएम ती वाट स्वतःच बंद करतो आणि वायर दुरुस्त झाल्यावरही, गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरने नोंद पुसल्याशिवाय ती उघडत नाही. म्हणून बीसीएम बदलायला सांगितले गेले तर आधी स्कॅनरवरील नोंद पाहायला मागावी आणि ती पुसून दिवा लागतो का ते पाहावे. नवा बीसीएम महाग असतो आणि बसवल्यावर त्या गाडीसाठी त्याचे कोडिंगही करावे लागते.

दुरुस्ती लांबली तरी गाडी वापरायला हरकत नाही, कारण दिवसा डीआरएलवाचून अडत नाही. एक मात्र ध्यानात ठेवावे: डीआरएल चालू असताना बहुतेक गाड्यांचे मागचे दिवे बंदच असतात. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून तिन्हीसांजेला किंवा पहाटेच्या धुक्यात जाताना, पुढे उजेड दिसतो म्हणून दिवे लागले आहेत असे समजू नये. स्विच फिरवून हेडलाइट लावावा.